सातव्या फेरीचं एकतिसावं पान

गुरुवारी सकाळी दहाला आलेल्या म्हाताऱ्याने पहिली पाच मिनिटं चष्मा पुसण्यात घालवली. काचा स्वच्छ होत्या. वहिनींनी त्याला पुसू दिलं.

वहिनी बावीस वर्षं विमा कंपनीत आगीचे दावे तपासत होत्या. राख बघून दिवा कुणी लवंडला ते सांगायच्या. निवृत्तीनंतर त्यांनी घराच्या पुढच्या खोलीत खासगी तपासाचं काम सुरू केलं आणि मदतीला घेतलं कुणाला, तर धाकट्या दिराला. भावजींचं आयुष्य तसबिरींना चौकटी करण्यात गेलेलं. माणूस सरळ, हात सुबक, डोकं मात्र जरा सावकाश चालायचं. वहिनी मुक्कामाला पोचायच्या तेव्हा भावजी घराला कुलूप लावत असायचे. पण टिपणं ते अक्षरशः अक्षर न गाळता घ्यायचे, आणि वहिनींना तेवढं पुरायचं.

"मला सगळे गुरुजी म्हणतात," म्हातारा अखेर म्हणाला. "माझ्या सुनेचं काम आहे."

अणुवीज केंद्रातल्या इंधन-गणन विभागाचे ते चार वर्षांपूर्वीपर्यंत प्रमुख होते. सून त्यांच्याच हाताखाली शिकली आणि आता तिथेच काम करत होती. काम काय, ते त्यांनी शाळेतल्या पोराला सांगावं तसं सांगितलं. भट्टीच्या गाभ्यात इंधनाची एकशे त्र्याण्णव बंडलं उभी असतात. दर दीड वर्षाने भट्टी थांबवायची, जळून गेलेली बंडलं काढायची, उरलेल्यांच्या जागा बदलायच्या, नवी भरायची. याला म्हणायचं फेरी. कुठलं बंडल कुठे ठेवलं तर किती उष्णता निघेल, हे आधी संगणकावर सिम्युलेशन करून बघायचं, कारण खऱ्या भट्टीत "चला, करून तर बघू" चालत नाही.

या महिन्याच्या एक तारखेला पंधरावी फेरी सुरू झाली आणि गाभ्याच्या आतला एक भाग हिशेबापेक्षा सहा टक्के जास्त तापलेला आढळला. तिथे तीनशे सतरा नंबरचं बंडल होतं. कुणाला इजा झाली नाही, पण तेव्हापासून भट्टी निम्म्या ताकदीवर चालली होती. पाच तारखेला सूनबाईंनी लिहून दिलं, की तीनशे सतराचा आकडा टाइप करताना माझी चूक झाली. सोमवारी अकराला चौकशी समिती बसणार होती. तिचा परवाना कायमचा रद्द होणार, हे जवळजवळ ठरलेलंच होतं.

"तिने चूक केलेली नाही," गुरुजी म्हणाले.

"तिने स्वतः लिहून दिलंय."

"तरी केलेली नाही. समिती फक्त पंधराव्या फेरीचे कागद बघतेय. तुम्ही जुनेही बघा. आणि कोण ते कळलं, तर मला आधी सांगायला येऊ नका. जे काय असेल ते समितीपुढे, सगळ्यांदेखत सांगा."

भावजींनी हेही टिपून घेतलं. म्हातारा गेल्यावर ते म्हणाले, "सुनेसाठी एवढा जीव टाकणारा सासरा पहिल्यांदाच पाहिला." वहिनी खिडकीतून गुरुजींची पाठ बघत होत्या.

शुक्रवारी गुरुजी दोघांना केंद्राच्या फाटकापर्यंत घेऊन आले. फाटकात अंगठा टेकल्याशिवाय दांडा उचलला जात नव्हता. पहारेकऱ्याने गुरुजींना ओळखून सलाम केला. "चार वर्षांनी पाय लागले, गुरुजी. पण तुमचा अंगठा आता चालायचा नाही. पाहुण्यांच्या वहीत नाव लिहावं लागेल." गुरुजींनी मान हलवली. "मी आत येत नाही, यांनाच सोड," म्हणून ते परत फिरले.

विभागाचे सध्याचे प्रमुख, म्हणजे साहेब, गुरुजींचेच जुने शिष्य. पन्नाशीचा गोल चेहऱ्याचा माणूस. प्रत्येक वाक्याआधी तो दारावर नजर टाकायचा. गुरुजींचा शब्द म्हणून त्यांनी तपासाला परवानगी दिली होती, पण या प्रकरणाचं घोंगडं सोमवारनंतरही भिजत राहावं अशी त्यांची मुळीच इच्छा नव्हती.

"दोन ते चार तारखेपर्यंत मी मुख्य कार्यालयात शिव्या खात होतो," ते म्हणाले. "पाचला परत येतो तर टेबलावर तिचा कबुलीजबाब. मी काय करणार?"

वहिनींनी विचारलं, की बंडलांचे आकडे कुठून येतात. साहेबांनी समजावलं. प्रत्येक बंडल किती वापरलं गेलंय याचा एक आकडा असतो. आकडा मोठा तितका बंडलात दम कमी. एका फेरीच्या शेवटी जे आकडे येतात तेच पुढच्या फेरीच्या सुरुवातीला आपोआप घेतले जातात. तळ्यात ठेवलेलं बंडल दहा वर्षांनी वापरलं, तरी त्याचा आकडा त्याच्या नावावर तसाच पडून असतो.

"म्हणजे मागे चूक झाली तर ती पुढे चालत येते?"

"वडिलांचं आडनाव येतं तशी," साहेब म्हणाले आणि स्वतःच जरा हसले.

"मग सूनबाईंनी टाइप कशाला केलं?"

साहेबांनी दाराकडे बघितलं. हाताने बदलायची सोय आहे, कुणी सहसा वापरत नाही, एवढं ते पुटपुटले. मग विषय बदलावा म्हणून की काय, त्यांनी एक कोरा कागद घेऊन त्याची चौघडी केली आणि कात्रीने टोक छाटलं. गाभा चारही बाजूंनी सारखा मांडलेला असतो. म्हणून कच्च्या हिशेबाला आम्ही त्याचा पाव भागच चालवतो, तासाभरात उरकतं. कागद उघडला की चारही ठिकाणी तेच छाटलेलं. पण शेवटचा, सहीचा हिशेब पूर्ण गाभ्याचा करावा लागतो. त्याला चार तास जातात.

"मग पूर्ण कशाला? चारी भाग सारखेच की," भावजी म्हणाले.

"सारखे म्हणजे अगदी सारखे नसतात. पूर्ण गाभा चालवला, की चार जागांवरची चार बंडलं, आमच्या भाषेत चार बहिणी, थोड्या थोड्या वेगळ्या निघतात. शेवटचे दोन अंक तरी बदलतातच. कुणाचा शेजार वेगळा, कुणाचं बंडल ऐनवेळी बदललेलं."

भिंतीवर सोळाव्या फेरीच्या मांडणीचा कच्चा नकाशा टाचलेला होता. तो सूनबाईंनी केलेला. मधल्या भागात एका चौकोनातला ३१८ हा नंबर निळ्या शाईने खोडून शेजारी दुसरा लिहिला होता, आणि खाली छोट्या अक्षरात तारीख होती, सहा. वहिनींनी विचारलं, हे का बदललं? साहेब जवळ जाऊन बघत राहिले. त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. चार वर्षांत आपण एकही सिम्युलेशन स्वतः चालवलेलं नाही, पासवर्डसुद्धा विसरलो, हे त्यांनी खालच्या आवाजात कबूल केलं. "कुणाला सांगू नका," असंही म्हणाले.

दफ्तरखाना तळमजल्यावर होता. तिथल्या कारकून बाईंना सगळे फाइलबाई म्हणत. त्यांनी चौदा फेऱ्यांच्या चौदा जाड फाइली टेबलावर मांडल्या. प्रत्येकीच्या पहिल्या पानावर हिशेब कुणी केला, कुणी तपासला आणि संगणकाला किती वेळ लागला, हे लिहिलेलं. भावजींनी इमानेइतबारे सगळं उतरवून काढलं. पाचवी फेरी, पूर्ण गाभा, चार तास दहा मिनिटं. सहावी, पूर्ण गाभा, चार तास दोन मिनिटं. सातवी, पूर्ण गाभा, एक तास पाच मिनिटं. आठवी, पूर्ण गाभा, तीन तास अठ्ठावन्न.

"सातव्या वेळी संगणक नवा घेतला असणार," भावजी म्हणाले.

"आणि आठव्याला परत जुना काढला?" वहिनींनी विचारलं.

सातव्या फेरीचा हिशेब बारा वर्षांपूर्वीचा. करणारे, गुरुजी. तपासणारे, आत्ताचे साहेब. फाइलीच्या शेवटी बंडलांच्या आकड्यांची यादी होती. वहिनींचं बोट एका ओळीवर थांबलं. चार बहिणींचे आकडे शेजारी शेजारी छापलेले: दोनशे अकरा, दोनशे बारा, दोनशे तेरा आणि तीनशे सतरा. चौघींपुढे एकच आकडा, ३१.४७२६.

"तिघी सख्ख्या आणि ही एक चुलत दिसते," भावजी नंबर बघून म्हणाले. वहिनींनी त्यांच्याकडे इतक्या कौतुकाने पाहिलं, की ते गोंधळले.

मग वहिनींनी पानं मोजली. तिसाव्यानंतर एकदम बत्तिसावं. अनुक्रमणिकेत एकतिसाव्यापुढे 'ऐनवेळचे बदल' असं लिहिलेलं. पान फाडलेलं नव्हतं, कड्या उघडून अलगद काढलेलं होतं, आणि त्या जागी एक पिवळं कार्ड होतं.

फाइलबाईंचा चेहरा पडला. कुणी पान बाहेर नेलं, तर त्या जागी पिवळं कार्ड ठेवायचं, त्यावर तारीख आणि सही करायची, परत आणलं की कार्ड काढायचं, हा इथला जुना शिरस्ता. गुरुजींनीच घालून दिलेला. या कार्डावर तारीख होती, तीन. सहीची जागा कोरी.

"किल्ली कुणाकडे असते?"

फाइलबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. जेवायला जाताना आपण किल्ली उघड्या ड्रॉवरमध्ये ठेवतो आणि ते सगळ्या विभागाला माहीत आहे, हे सांगताना त्यांना दोनदा थांबावं लागलं. त्या पोरीचं आयुष्य माझ्या आळसाने गेलं, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. वहिनींनी त्यांना पाणी दिलं.

"चोरी करून पावती ठेवणारा चोर," बाहेर पडल्यावर भावजी म्हणाले. "मूर्खच म्हणायचा."

"किंवा परत आणून ठेवायचं मनात असलेला," वहिनी म्हणाल्या.

वापरलेली बंडलं खोल पाण्याच्या तळ्यात ठेवतात. ते तळं सांभाळणाऱ्या माणसाला लहानथोर तळेमामा म्हणत. निवृत्तीला सहा महिने राहिलेला, काटकुळा, बोलका. सातवी फेरी त्याला काल झाल्यासारखी आठवत होती.

त्या वेळी बंडलं भरताना दोन वाकलेली निघाली. तळ्यातून दोन जुनी काढून त्यांच्या जागी बसवली, तीनशे सतरा आणि तीनशे अठरा. कमी वापरलेली होती. यादीतले नंबर मामाने बदलले, वापराचे आकडे बदलणं मात्र हिशेब करणाऱ्याचं काम. कडेच्या रांगेत होती, तिथे तसंही फारसं तापत नाही, म्हणून त्या फेरीत कुणाला काही जाणवलं नाही. फेरी संपल्यावर दोन्ही परत तळ्यात आली आणि सात फेऱ्या पडून राहिली. यंदा नवी बंडलं कमी आली म्हणून तीनशे सतराला बाहेर काढलं, आणि या वेळी ते गाभ्याच्या आतल्या भागात गेलं.

"बदल केल्याचं कळवलं होतंत?"

"चिठ्ठी लिहून गुरुजींच्या हातात दिली, मॅडम. तीच फाइलीत लागली. पण त्यांनी वाचली का, ते नाही विचारलं. गडबडीत होते फार. बायकोचं ऑपरेशन होतं त्या दिवशी." तळेमामाने तळ्यातल्या निळसर पाण्याकडे बघितलं. "एक तारखेला तीनशे सतराचं नाव ऐकलं तेव्हाच मला सातवी फेरी आठवली होती. पण म्हटलं, आपलं काम बंडलं उचलायचं. शिकलेली माणसं बघून घेतील. तोंड उघडायला पाहिजे होतं."

सूनबाई विभागातच होत्या. काम काढून घेतलं होतं, तरी त्या रोज येऊन आपल्या टेबलाशी बसत. तिशीची, शांत, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. वहिनींनी फार प्रश्न विचारले नाहीत.

"बरोबर आकडा किती हवा होता?"

"सत्तावीस पॉइंट शून्य नऊ," त्या कागदाकडे न बघता म्हणाल्या.

"आणि टाइप झाला एकतीस पॉइंट चार सात दोन सहा."

"हो. बोट चुकलं."

"सगळेच अंक?"

सूनबाई आपल्या हाताकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, की झालंय ते झालंय, आणि गुरुजींना या वयात दगदग होईल असं कृपा करून काही करू नका. त्यांनी तुम्हाला बोलावलं, हे मला कालच कळलं. मला न विचारता बोलावलं.

रविवारी दुपारी वहिनी पुढच्या खोलीत नुसत्या बसून होत्या. त्यांना उत्तर मिळालंय हे भावजींनी ओळखलं. उत्तर मिळालं की वहिनी एरवी कपाट आवरायला घेत. आज कपाटाला हात लावला नव्हता.

"मला सांगू नका," भावजी म्हणाले. "पण एक विचारतो. जे सापडलंय ते बोललंच पाहिजे का? माणसं चांगली आहेत सगळी."

वहिनींनी सांगितलं, की बावीस वर्षांत एकच अहवाल त्यांनी दयेने लिहिला होता. गोदामाची तार जुनी होती, मालक भला होता, पोरंबाळं होती. त्यांनी 'अपघात' लिहिलं. तार तशीच राहिली. पुढच्या वर्षी तेच गोदाम पुन्हा जळलं आणि आत पहारेकरी झोपलेला होता.

"तो अजून माझ्या मनातून गेलेला नाही," त्या म्हणाल्या. "उद्या मला बोलायचंय, भावजी, आणि बोलताना मेल्याहून मेल्यासारखं होणार आहे."

सोमवारी अकराला समितीच्या खोलीत लांब टेबलाभोवती सगळे बसले. समितीच्या अध्यक्षा केस पिकलेल्या, कमी बोलणाऱ्या बाई होत्या. साहेब, फाइलबाई, तळेमामा एका बाजूला. समोर सूनबाई. पाहुण्यांच्या वहीत नाव लिहून गुरुजी आले होते आणि दाराजवळच्या खुर्चीत बसले होते.

"पहिली गोष्ट," वहिनींनी सुरुवात केली, "सूनबाईंची कबुली खोटी आहे. तीनशे सतराचा चुकीचा आकडा त्यांनी टाइप केला असं त्या म्हणतात. पण तोच आकडा, शेवटच्या अंकापर्यंत तोच, बारा वर्षांपूर्वीच्या सातव्या फेरीच्या फाइलीत छापलेला आहे. तेव्हा या कॉलेजात होत्या."

अध्यक्षांनी फाइल ओढून घेतली आणि वाचली. साहेब टेबलावरच्या स्वतःच्या बोटांकडे बघू लागले.

"मग आकडा चुकला कसा? त्याच यादीत तीनशे सतराच्या तीन बहिणींपुढेही तोच आकडा आहे. साहेबांनीच मला सांगितलं, की पूर्ण गाभा चालवला तर चौघी कधीच अगदी सारख्या येत नाहीत. इथे तर एक बंडल तळ्यातून आणलेलं, कमी वापरलेलं. तरी चौघी सारख्या. म्हणजे पूर्ण गाभा चालवलेलाच नाही. पाव चालवला आणि चौघडी उघडली. फाइलीवर लिहिलंय पूर्ण गाभा, आणि वेळ लिहिलाय एक तास पाच मिनिटं. पूर्णला चार तास लागतात."

"तपासणाऱ्याच्या हे लक्षात आलं नाही?" अध्यक्षांनी विचारलं.

"मी नवा होतो," साहेब म्हणाले. "गुरुजींचा हिशेब. मी चाळीस पानांवर एका चहात सह्या केल्या. आणि यंदा तिने कबुली दिली तेव्हा मला माहीत होतं, की आकडे हाताने कुणी भरत नाही. मी विचारलं नाही. सुटलो, असं वाटलं मला."

वहिनींनी त्यांना पुरतं बोलू दिलं, मग पुढे गेल्या.

"आता पान. ज्याने ते नेलं, त्याला तीन तारखेपर्यंत कळलं होतं, की चुकीचं मूळ सातव्या फेरीत आहे. पंधरापासून सातपर्यंत मागे जायला सिम्युलेशन चालवता यायला हवं. फाइलबाई आणि तळेमामांना ते येत नाही. साहेब तीन तारखेला इथे नव्हते. गुरुजी चार वर्षांत फाटकाच्या आत आलेले नव्हते, त्यांचा अंगठा चालत नाही. राहिलं कोण?"

सगळ्यांच्या नजरा सूनबाईंकडे वळल्या.

"दुसरा पुरावा. सहा तारखेला सोळाव्या नकाशातून तीनशे अठरा काढलं गेलं. कागदोपत्री त्या बंडलात काहीच खोट नव्हती. दोन बंडलं बदलली होती हे तळेमामांना आठवत होतं, पण ते नकाशाला हात लावत नाहीत. नकाशा करणाऱ्या माणसाला ते एकतिसाव्या पानावरूनच कळू शकत होतं. आणि तिसरा. सूनबाईंनी मला बरोबर आकडा सांगितला, सत्तावीस पॉइंट शून्य नऊ. तो इथल्या एकाही कागदावर नाही. सातवी फेरी खऱ्या बंडलानिशी पुन्हा चालवली तरच तो निघतो. त्यांनी ती चालवली. पान त्यांनीच नेलं."

सूनबाईंनी पिशवीतून एक प्लॅस्टिकचं पाकीट काढून टेबलावर ठेवलं. आत जुनं, कडा पिवळ्या पडलेलं एक पान होतं. त्यावर तळेमामाचं अक्षर होतं.

"धोका उरू नये म्हणून मी तीनशे अठरा काढलं होतं," त्या अध्यक्षांना म्हणाल्या. "सोळाव्या फेरीपुरते शेजारच्या बंडलांचेही आकडे दुरुस्त करून ठेवलेत. कुणाला बाधा झाली नसती."

"तुम्ही इथे असेपर्यंत," वहिनी मृदूपणे म्हणाल्या. "आज तुमचा परवाना गेला असता. उद्या नवा माणूस जुन्या यादीतून आकडे घेणार, आणि यादीत तीनशे अठरा चुकीचंच आहे. म्हणून मी गप्प बसू शकले नाही."

मग त्या दाराकडे वळल्या. हा भाग त्यांना नको होता.

"शेवटचं. माझं गिऱ्हाईक मला म्हणालं, जुनेही कागद बघा. म्हणालं, मला आधी सांगायला येऊ नका, सगळ्यांदेखत सांगा. चार वर्षं इथे पाऊल न टाकलेला माणूस, एकही कागद न बघता, छातीठोकपणे सांगतो की सून चुकलेली नाही. गुरुजी, ज्याला खरा चुकलेला माहीत असतो, तोच असं सांगू शकतो. तुम्ही मला गुन्हेगार शोधायला नाही बोलावलंत. तो तुम्हाला माहीत होता."

भावजींची पेन्सिल थांबली. त्यांच्या डोक्यात ते आत्ता कुठे उजाडत होतं.

गुरुजी उभे राहिले. "सकाळी भट्टी सुरू करायची होती," ते म्हणाले. "पूर्ण गाभ्याला चार तास. तिकडे हिला ऑपरेशनला न्यायची वेळ झालेली. आत नेण्याआधी मी येतो, असा शब्द दिला होता. पाव चालवला, पूर्ण लिहिलं. तळेमामाची चिठ्ठी न वाचता फाइलीत लावली. म्हटलं, उद्या नीट करू. दुसऱ्या दिवशी चिठ्ठी वाचली, तोवर भट्टी छान चालली होती. मग आता कशाला उकरा, असं झालं. पुढे लाज वाटायला लागली. मग लाजेचीही सवय झाली. एक तारखेला सुनेने घरी येऊन तीनशे सतरा म्हटलं, तेव्हा कळलं. रोज ठरवायचो, आज सांगतो. तोंडच उघडेना. म्हणून यांना बोलावलं. कुणीतरी पकडावं आणि ओढत इथवर आणावं, एवढंच माझ्याच्याने झालं."

समितीने दुपारपर्यंत निकाल दिला. चुकीच्या आकड्याचा ठपका सूनबाईंवरून निघाला, परवाना राहिला. पान नेलं आणि खोटी कबुली दिली म्हणून सहा महिने कामावरून दूर. साहेबांकडून तपासणीचा अधिकार काढून घेतला. सातव्यापासून पंधराव्यापर्यंत नऊही फेऱ्या पुन्हा, पूर्ण गाभ्याने चालवायच्या ठरल्या. गुरुजींना शिक्षा देण्याजोगं समितीच्या हातात काही नव्हतं. त्यांचा जबाब लिहून घेतला, त्यांनी खाली सही केली, आणि कुणीही त्यांच्याशी वाईट बोललं नाही. त्यांना ते जास्त लागलं असावं.

चौघे फाटकाकडे चालत निघाले. ऊन उतरत होतं. वहिनी आणि भावजी जरा मागे राहिले, तरी बोलणं ऐकू येत होतं.

"तू मला का नाही विचारलंस?" गुरुजी म्हणाले. "पान सापडलं तेव्हाच?"

"तुम्ही आपणहून सांगाल, याची वाट बघत होते, बाबा. तीन तारखेपासून. रोज सकाळी चहा पिताना तुम्ही पेपर खाली ठेवला, की वाटायचं, आता बोलतील. तुम्ही बोलला असतात, तर पान परत लावून तुमच्याबरोबर आले असते इथे."

"आणि नसतो बोललो तर?"

"नव्हतातच बोललात. म्हणून पाच तारखेला मी लिहून दिलं."

गुरुजी चालायचे थांबले. "माझ्यापायी तुझे सहा महिने गेले."

"सहा महिन्यांचं काही नाही. तीन तासांसाठी तुम्ही आईंकडे गेलात, त्याचंही मला काही वाटलं नाही. मीही गेले असते." सूनबाई त्यांच्याकडे वळल्या. "एका घरात राहतो आपण. मला एवढंसं सांगायला तुम्हाला परकं माणूस बोलवावं लागलं, बाबा. ते मात्र लागलं."

वहिनींनी मान खाली घातली. परकं माणूस त्याच होत्या.

पहारेकऱ्याने गुरुजींकडे पाहुण्यांचा बिल्ला मागितला, तो त्यांच्या शर्टातून लवकर निघेना. सूनबाईंनी दांड्यापाशी अंगठा टेकला आणि त्या बाहेर पडल्या. थोडं अंतर गेल्यावर थांबल्या. मागे वळून बघितलं नाही, पण म्हातारा बिल्ला देऊन, वहीत वेळ लिहून, हळूहळू चालत शेजारी येईपर्यंत त्या तिथेच उभ्या होत्या.